वाचक विचारतात : फॅशनच्या वेबसाइटचा वाचक नेमका कोण?

छापील अंकाकडून वेबसाइटकडे वळलेल्या पुण्यातल्या फॅशन-नियतकालिकांच्या मंडळींचे प्रश्न या वेळी घेतले आहेत. एक प्रश्न दुकानदाराचाही आहे, कारण वाचक कोण हे ठरवताना जाहिरातदाराचा संबंध येतोच. मिळतेजुळते प्रश्न एकत्र केले आहेत.

आमचं त्रैमासिक आता वेबसाइटवर आहे. जाहिरात एजन्सीने ‘टार्गेट ऑडियन्स’ विचारला. आम्ही ‘१८ ते ४५ वयोगटातल्या, फॅशनची आवड असलेल्या महिला’ असं लिहून दिलं. ‘यावरून काहीच कळत नाही’ असं उत्तर आलं. मग लिहायचं तरी काय?
— संपादिका, सदाशिव पेठ

एजन्सीचं म्हणणं बरोबर आहे. १८ ते ४५ या चौकटीत एफसी रोडवर घासाघीस करून चारशेचा कुर्ता घेणारी कॉलेजकन्या बसते, आठवड्यातून तीन दिवस हिंजवडीला जाणारी नोकरदार बसते आणि धाकट्या नणंदेच्या लग्नाची खरेदी अंगावर पडलेली वहिनीही बसते. तिघी वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळं काही शोधत येतात. त्यांच्यासमोर एकच जाहिरात ठेवून दुकानदाराच्या हाती काही लागत नाही.

कपड्यांच्या बाबतीत वयापेक्षा चार गोष्टी महत्त्वाच्या असतात : प्रसंग कोणता, तो किती दिवसांवर आला आहे, खर्च किती करायचा आहे आणि घोडं कुठे अडलं आहे. हे ‘अडणं’ फार उपयोगाचं आहे. शिंपी वेळेवर ब्लाउज देईल का, नेहमीच्या साइजमध्ये माप बसत नाही, नऊवारी नेसवणारं घरात कोणी नाही, पैठणी हातमागाची की यंत्रमागाची हे ओळखता येत नाही, अशा अडचणींपाशीच लेख वाचला जातो. म्हणून एजन्सीला असं वाक्य लिहून द्या : ‘तीन महिन्यांत घरात लग्न आहे. नवरीची साडी सोडून पाच-सहा जणींचे कपडे ठरवायचे आहेत, माणशी तीन ते आठ हजार खर्च करायची तयारी आहे, आणि ब्लाउज वेळेत शिवून मिळतील का याची धास्ती आहे.’ हे वाचल्यावर साडीचं दुकान, शिंपी, इमिटेशन ज्वेलरीवाला, सगळ्यांनाच आपली जागा दिसते.

असे गट कल्पनेने पाडू नका. तीन आठवडे काढा. पहिल्या आठवड्यात गूगल सर्च कन्सोल (साइट गूगलवर कोणत्या शब्दांना दिसते ते दाखवणारं गूगलचं साधन) उघडा. त्यात मागच्या १६ महिन्यांचे शोधशब्द मिळतात आणि एका वेळी १००० ओळी उतरवून घेता येतात. त्यातल्या वरच्या पाचशे ओळींपुढे हाताने प्रसंग लिहा : लग्न, सण, ऑफिस, कॉलेज, बाळंतपणानंतर, काहीच नाही. दोघांना दोन दिवस पुरतात. हे काम सॉफ्टवेअरवर सोपवू नका, कारण ‘चंद्रकळा’ हा शब्द संक्रांतीच्या खान्यात टाकायचा हे माणसालाच चटकन कळतं.

दुसऱ्या आठवड्यात बारा ते पंधरा वाचकांशी प्रत्येकी अर्धा तास बोला. ‘तुम्हाला काय वाचायला आवडेल?’ हा प्रश्न विचारूच नका. त्यावर सगळ्याजणी चांगलं वाटेल असं उत्तर देतात. त्यापेक्षा असं विचारा : शेवटचा कपडा कधी घेतलात? तो आधी कुठे पाहिला होता? फोटो कोणाला पाठवलात? ठरवायला किती दिवस लागले? पैसे देताना मन कशाने मागे ओढलं? उत्तरं त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्या. पुढे मथळे याच शब्दांतून निघतात.

तिसऱ्या आठवड्यात बाजारात उभे राहा. दुकानदाराला विचारून, लक्ष्मी रस्त्यावरच्या साडीच्या दुकानात एक दुपार, तुळशीबागेत शनिवारची एक संध्याकाळ आणि कॅम्पातल्या फॅशन स्ट्रीटवर एक रविवार. गादीवर साड्या उलगडणाऱ्या विक्रेत्याला गिऱ्हाईक पहिला प्रश्न कोणता विचारतं, तेवढंच टिपा. शोधशब्द, वाचकांची उत्तरं आणि बाजार, या तिन्ही ठिकाणी दिसलेला गट खरा. एकाच ठिकाणी दिसलेला सध्या बाजूला ठेवा.

असे पाच-सहा गट हाती लागतील. सुरुवात त्यातल्या दोघांपासून करा. तीन-चार माणसांच्या संपादकीय विभागातून आठवड्याला तीन नीट लेख निघतात. एका गटासाठी एकमेकांना जोडलेले निदान पंचवीस-तीस लेख होईपर्यंत, पहिला लेख संपवलेल्या वाचकाला दुसरा लेख सापडत नाही आणि ती निघून जाते. सहा गटांत लेख विखुरले तर वर्ष संपत येईपर्यंत कोणाचंच पोट भरत नाही.

आणखी एक सावधगिरी. ‘स्नेहा, २८, आयटीत नोकरी, कॉफी आवडते’ अशी पात्रं रंगवून भिंतीवर लावण्याची पद्धत आहे. तिथे कसोटी एकच लावा : हे वर्णन वाचून अमुक लेख घ्यायचा की वगळायचा हे ठरतं का? ठरत नसेल तर ती ओळ खोडा. कॉफीने काही ठरत नाही. ब्लाउजच्या मुदतीने ठरतं.

गूगल अ‍ॅनालिटिक्समध्ये आमचे निम्म्याहून जास्त वाचक मुंबईचे दिसतात. मजकूर तर पुण्यातल्या दुकानांचा आहे. पुणेकर येतच नाहीत का?
— कोथरूड

येत असणार. शहराचा अंदाज आयपी पत्त्यावरून (इंटरनेटच्या जोडणीला मिळालेल्या आकडी पत्त्यावरून) बांधला जातो, आणि मोबाइल इंटरनेटचा पत्ता बऱ्याचदा कंपनीचं केंद्र जिथे आहे त्या शहराच्या नावावर असतो. त्यामुळे कोथरूडमधला फोन मुंबईत मोजला जाऊ शकतो. खात्री करायची तर मोबाइल आणि डेस्कटॉपचे आकडे वेगळे पाहा. डेस्कटॉपवर पुण्याचा वाटा बराच जास्त दिसला तर गोम हीच आहे. पक्कं उत्तर वाचकाकडूनच मिळतं. न्यूजलेटरसाठी, म्हणजे ईमेलवर जाणाऱ्या तुमच्या पत्रासाठी, ईमेल भरून झाल्यावर पुढच्या पडद्यावर पिन कोड विचारा, ऐच्छिक ठेवा. ४११ने सुरू होणारे मोजले की झालं. पहिल्याच पडद्यावर विचारलात तर फॉर्म अर्धवट सोडणाऱ्या वाढतात.

वय आणि स्त्री-पुरुष हे आकडेसुद्धा काळ्या दगडावरची रेघ समजू नका. ते गूगल खात्यात असलेल्या आणि त्याला परवानगी दिलेल्या वाचकांपुरतेच असतात, आणि संख्या कमी असली की गूगल ओळीच लपवतं. जाहिरातदाराला देताना ‘ज्यांची माहिती उपलब्ध आहे त्यांच्यापैकी’ हे शब्द घाला.

दोन सेटिंग आजच तपासा. कार्यालयातल्या माणसांच्या भेटी वगळणारा ‘इंटर्नल ट्रॅफिक’ फिल्टर सुरुवातीला नुसत्या चाचणी स्थितीत असतो. तो ‘अ‍ॅक्टिव्ह’ केल्याशिवाय काहीच वगळत नाही. लहान साइटवर चार संपादकांच्या दिवसभराच्या चकरा आकडे चांगलेच फुगवतात. दुसरं म्हणजे ‘एक्सप्लोरेशन’ या सविस्तर अहवालांमधल्या तपशिलाची साठवण मुळात २ महिन्यांची असते. ती १४ महिने करा. बदल मागच्या काळाला लागू होत नाही, म्हणून आज केला नाहीत तर पुढच्या नवरात्रात या नवरात्राशी बारकाईने तुलना करता येणार नाही.

नऊवारीवर आम्ही मेहनतीने लेख केला, पण गूगलवरून कोणी येत नाही. मराठीत लिहिल्यामुळे असं होतं का? रोमन लिपीत वेगळं पान करावं का?
— डिजिटल विभाग, औंध

मराठी हे कारण नाही. लोक ज्या शब्दांत शोधतात ते शब्द पानावर नसणं आणि लेख उशिरा येणं, ही नेहमीची दोन कारणं आहेत.

आधी शब्द पाहू. सर्च कन्सोलमध्ये शोधशब्दांना ‘कस्टम रेजेक्स’ हा अक्षरांच्या नमुन्यावरून गाळणारा फिल्टर लावा आणि चौकटीत [अ-ह] एवढंच लिहा. देवनागरीत टाइप केलेले सगळे शोध वेगळे होतील. तोच फिल्टर ‘जुळत नाही’वर ठेवला की रोमन लिपीतले उरतील. दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या की कळतं की एकच बाई नऊवारी, नववारी, नऊवार असं तीन तऱ्हांनी शोधते आणि रोमनमध्ये आणखी चार तऱ्हांनी. दोन लिप्यांची दोन पानं करू नका. ती एकमेकांशीच स्पर्धा करतात आणि दोन्ही मागे पडतात. पान एकच ठेवा : मथळा देवनागरीत, सर्वांत जास्त शोधलं जाणारं शुद्धलेखन मथळ्यात, दुसरं पहिल्या परिच्छेदात, बाकीची पोटमथळ्यांत आणि फोटोंच्या वर्णनात सहज येतील तशी. पानाचा पत्ता मात्र रोमन अक्षरांत, छोटा ठेवा. देवनागरी पत्ता व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला की टक्केवारीच्या चिन्हांची लांबलचक माळ होते आणि ती पाहून लोक दाबायला कचरतात.

मथळा ‘नऊवारीचं सौंदर्य’ असा असेल तर ते कोणी शोधत नाही. शोध असतो ‘शिवलेली नऊवारी की नेसायची’, ‘नऊवारीला किती मीटर कापड लागतं’, ‘नऊवारीवर नथ कोणती’. साध्या प्रश्नाला पहिल्या चार ओळींतच उत्तर द्या : नऊ वार म्हणजे सुमारे सव्वाआठ मीटर. सौंदर्याबद्दल त्यानंतर मनसोक्त लिहा. ती वाचेल, कारण तिचं काम झालेलं असेल.

आता वेळ. सणाचा लेख सहा ते आठ आठवडे आधी लागला पाहिजे. गूगलला पान सापडून ते स्थिरावायला वेळ लागतो हे एक कारण. त्याहून मोठं कारण शिंप्याकडे आहे. दिवाळी आणि लग्नसराई जवळ आली की चांगले शिंपी नवं काम घेणं थांबवतात. शिवून घेणारी वाचक त्याआधी शोधते, तयार घेणारी शेवटच्या आठवड्यात शोधते. या दोघींसाठी लेखही दोन हवेत. पहिल्यात कापड, माप, अस्तर, शिलाईचा दर. दुसऱ्यात आज संध्याकाळी जाऊन आणता येईल अशी ठिकाणं. दोन्ही एकाच लेखात कोंबले की दोघींनाही अर्धा लेख निरुपयोगी वाटतो.

मागच्या वर्षीच्या त्याच तारखांशी तुलना करतानाही जपा. संक्रांत सूर्याच्या गतीवर असल्याने जवळपास त्याच तारखेला येते, म्हणून काळ्या साडीचे आणि हलव्याच्या दागिन्यांचे आकडे सरळ तोलता येतात. गणपती, नवरात्र तसे नाहीत. गणेश चतुर्थी २०२५मध्ये २७ ऑगस्टला होती, २०२६मध्ये १४ सप्टेंबरला, कारण मध्ये अधिक ज्येष्ठ आला. तारखांवर बोट ठेवून पाहिलं तर ऑगस्टअखेर ‘ट्रॅफिक कोसळलं’ असं वाटेल. सणाच्या आधीचे चाळीस दिवस आणि नंतरचे सात, असा तुकडा दोन्ही वर्षांतून कापून तुलना करा. अधिक महिन्यात लग्नाचे मुहूर्त धरत नाहीत, त्यामुळे १७ मे ते १५ जून २०२६ या काळात लग्नाचे लेख शांत राहिले तर घाबरून मथळे बदलू नका.

दरवर्षी नवं पान करण्याची सवयही सोडा. पत्त्यात साल घालू नका, तेच पान ताजं करा. नवरात्राच्या नऊ रंगांचं पान तर सगळ्यांत आधी तपासा. पहिला रंग घटस्थापनेच्या वारावरून ठरतो, म्हणून मागच्या वर्षीची यादी तशीच राहिली तर वाचक चुकीच्या रंगाची साडी नेसून ऑफिसला पोचते. ती पुन्हा तुमच्याकडे येत नाही.

फोटो हाच आमचा प्राण आहे, पण फोटोंमुळे साइट जड झाली आहे. छायाचित्रकार दर्जा कमी करू देत नाहीत.
— पिंपरी

दर्जा आणि वजन वेगळं आहे. कॅमेऱ्यातून निघालेला चार-पाच एमबीचा फोटो फोनच्या पडद्यावर कोणाला पूर्ण दिसतच नाही. मुख्य फोटो १६०० पिक्सेल रुंद, फोनसाठी ८०० पिक्सेलची वेगळी प्रत, दोन्ही वेबपी या हलक्या फाइल-स्वरूपात. फोनची प्रत १५० केबीच्या आत बसते. फोनवर आपोआप लेख सुचवणाऱ्या गूगल डिस्कव्हरमध्ये मोठं चित्र दिसायचं तर रुंदी किमान १२०० पिक्सेल लागते, म्हणून सरसकट ८००वर आणू नका.

गूगलचे निकष असे : मुख्य चित्र २.५ सेकंदांत दिसावं, बोट लावल्यावर २०० मिलिसेकंदांत प्रतिसाद मिळावा, आणि मजकूर हलण्याचा गुणांक ०.१च्या आत असावा. हे शंभरातल्या पंचाहत्तर भेटींना साधलं पाहिजे, तेव्हा संपादकाच्या महागड्या फोनवर तपासून भागत नाही. दहा हजारांच्या फोनवर, वाय-फाय बंद करून पाहा. सर्वांत वरचा फोटो ‘लेझी लोड’ (वाचक तिथे पोचल्यावरच उतरणारा) ठेवण्याची चूक फार जण करतात. त्याने तोच फोटो उशिरा येतो. खालचे फोटो तसे ठेवा. प्रत्येक फोटोची लांबी-रुंदी कोडमध्ये लिहा आणि जाहिरातीची जागा आधीच राखून ठेवा, नाहीतर वाचता वाचता ओळ खाली सरकते. एका लेखात पाच इन्स्टाग्राम रील थेट जोडल्या असतील तर तिथे फोटो ठेवून दाबल्यावरच रील उघडेल असं करा.

साडीचा रंग पानावर फिका दिसतो अशी तक्रार येत असेल तर फोटो अ‍ॅडोबी आरजीबी या विस्तृत रंगपट्ट्यात निघाला आणि लहान करताना त्याची रंग-प्रोफाइल (रंगपट्टा कोणता ते सांगणारी नोंद) गळून पडली, असं बहुधा झालेलं असतं. डाळिंबी रंग मग विटकरी दिसतो. निर्यात करतानाच वेबसाठीचा एसआरजीबी निवडा. अक्षरांबद्दल एकच सांगणं : इंग्रजी फॅशन-साइटसारखं अक्षरांमध्ये अंतर सोडू नका. देवनागरीची शिरोरेषा तुटते आणि शब्द दात पडल्यासारखा दिसतो. एकाच फॉन्टची दोन वजनं पुरेत, कारण जोडाक्षरांमुळे देवनागरी फॉन्टची फाइल मुळातच मोठी असते.

इन्स्टाग्रामवर आमचे ४० हजार फॉलोअर आहेत. साइटवर मात्र महिन्याला दोनशेसुद्धा येत नाहीत. काय चुकतंय?
— डेक्कन

त्या चाळीस हजारांपर्यंत कधी पोचायचं हे तुमच्या हातात नाही, मूळ अडचण ती आहे. शिवाय इन्स्टाग्रामवरची वाचक पाहायला आलेली असते. तिला उठवून दुसरीकडे न्यायचं तर तिथे न मिळणारं काहीतरी दाखवावं लागतं. रीलमध्ये पदर कसा काढायचा ते पूर्ण दाखवून ‘अधिक साइटवर’ लिहिलं तर ती का जाईल? रीलमध्ये नेसणं दाखवा. साइटवर मापांचा तक्ता, दुकानांची यादी आणि दर ठेवा. पोस्टखाली लिहिलेला पत्ता दाबता येत नाही हे लक्षात ठेवून स्टोरीतलं लिंक स्टिकर वापरा. प्रत्येक लिंकला यूटीएम खूण (वाचक कुठून आली ते अ‍ॅनालिटिक्सला सांगणारी, पत्त्याला जोडलेली अक्षरं) लावा आणि नावं एकाच पद्धतीने लिहा. रोमन लिपीतलं मोठं आणि छोटं अक्षर अ‍ॅनालिटिक्स वेगळं मोजतं, त्यामुळे एकाच स्रोताच्या तीन ओळी होतात.

खरी कमाई मात्र न्यूजलेटरची आहे, कारण ती यादी तुमची असते. आणि इथेच फॅशनच्या साइटला मराठी घरातला सणावारांचा क्रम फार मोठी मदत करतो. लग्नाच्या लेखाखालून जी नाव नोंदवते तिच्या नावापुढे ‘लग्न’ अशी खूण लावा. पहिल्याच पत्रात विचारा : लग्न कोणत्या महिन्यात? बारा महिन्यांची बारा बटणं द्या, एकदा दाबलं की झालं. आता तिला काय पाठवायचं हे तिनेच सांगितलं आहे. तीन महिने आधी साडी आणि कापड, दोन महिने आधी ब्लाउज आणि शिंपी, एक महिना आधी दागिने, चप्पल, पर्स. लग्नाचा महिना सरला की ही पत्रं थांबलीच पाहिजेत. लग्न होऊन गेलेल्या मुलीला शालूची जाहिरात पाठवत राहणं हे यादीतून नाव काढून घेण्याचं हमखास कारण आहे.

पण थांबा म्हणजे सोडून द्या असं नाही. ती स्वतः नवरी होती की घरातलं लग्न होतं, तेवढं विचारून घ्या. नवरीच असेल तर पुढचं वर्षभर तिला कपड्यांचे नवे प्रसंग आहेत : श्रावणात मंगळागौर, मग पहिला दिवाळसण, पहिल्या संक्रांतीला काळी साडी आणि हलव्याचे दागिने. काहींच्या बाबतीत त्यापुढे डोहाळजेवण. क्रम लग्नाच्या महिन्यावरून बदलतो. डिसेंबरात लग्न झालेलीला संक्रांत आधी येते. परदेशी पुस्तकांतल्या ‘ग्राहकाचा प्रवास’ या तक्त्यांपेक्षा हा क्रम आपल्याकडे कितीतरी नेमका आहे, आणि तो वापरणारी नियतकालिकं थोडी आहेत याचं आम्हाला मनापासून वाईट वाटतं.

पत्र पाठवण्याचे काही नियम आहेत. फेब्रुवारी २०२४पासून जीमेलला दिवसाला पाच हजारांवर पत्रं पाठवणाऱ्यांकडे एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क ही, पत्र खरंच त्यांचंच असल्याचं पटवणारी, तिन्ही ओळखपत्रं आणि एका क्लिकमध्ये नाव काढण्याची सोय असावी लागते, आणि स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या आत ठेवाव्या लागतात. यादी लहान असली तरी हे सगळं सुरुवातीलाच लावून घ्या. १०२ केबीपेक्षा मोठं पत्र जीमेल मधेच कापतं. देवनागरीचं एकेक चिन्ह ३ बाइट घेतं, म्हणून मराठी पत्र ही मर्यादा लवकर गाठतं आणि नेमकी तळाची प्रायोजकाची पट्टी गायब होते. पूर्ण लेख पत्रात ओतू नका. ‘किती जणींनी उघडलं’ या आकड्यावरही विसंबू नका. २०२१पासून अ‍ॅपलचं मेल अ‍ॅप वाचकाने न उघडताही पत्र उघडल्याची नोंद करू शकतं. क्लिक मोजा.

ईमेल न वापरणाऱ्यांसाठी व्हॉट्सअ‍ॅप चॅनल बरं. मोठं असलं तरी कोणाचा नंबर कोणाला दिसत नाही. मात्र तिथे वाचकांचे गट पाडता येत नाहीत, सगळ्यांना सगळं जातं. दिवसाला एकच संदेश ठेवा.

माझं साड्यांचं दुकान आहे. एका फॅशन-मासिकाला जाहिरात द्यायची तयारी आहे, पण त्यांच्या ‘लग्न’वाल्या वाचकांचे ईमेल आणि फोन मला हवे आहेत. ते नाही म्हणतात. पैसे देऊनही नाही, हे कसं?
— लक्ष्मी रस्ता

त्यांचं बरोबर आहे. वाचकाने ईमेल मासिकाचं पत्र मिळावं म्हणून दिला, दुकानाला देण्यासाठी नाही. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ हेच सांगतो : ज्या कामासाठी संमती घेतली त्याच कामासाठी माहिती वापरायची. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये अधिसूचित झाले आणि बहुतेक जबाबदाऱ्यांसाठी १८ महिन्यांची मुदत आहे. माहिती नीट सुरक्षित न ठेवल्यास दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. अठरा वर्षांखालच्यांवर पाळत ठेवून त्यांना लक्ष्य करणाऱ्या जाहिरातींनाही हा कायदा मनाई करतो. तेव्हा ज्युनिअर कॉलेजच्या मुलींचा वेगळा गट करून द्या, अशी मागणी कोणी करत असेल तर तीही विसरा.

तुम्हाला हवं ते वेगळ्या मार्गाने मिळतं. ‘ज्यांच्याकडे लग्न दोन ते तीन महिन्यांवर आहे’ अशा वाचकांना मासिकच पत्र पाठवेल, त्यात तुमच्या दुकानाची जागा असेल. नावं मासिकाकडेच राहतील. पत्रात या मोहिमेपुरता वेगळा कूपन शब्द द्या आणि काउंटरवरच्या माणसाला तो बिलावर लिहायला लावा. बहुतेक मोहिमांचा हिशेब इथेच हुकतो : गिऱ्हाईक येतं, खरेदीही होते, पण काउंटरवर कोणी विचारत नाही आणि महिनाअखेर ‘जाहिरातीचा उपयोग नाही’ असं ठरतं. सवलत देताना नुसती टक्केवारी देण्यापेक्षा फॉल-बिडिंग आणि पिको मोफत, अमुक तारखेच्या आत, असं द्या. घाईतल्या बाईला त्याची किंमत जास्त वाटते.

मासिकात तुमच्यावर लेख हवा असेल तर त्यावर ‘जाहिरात’ किंवा ‘प्रायोजित’ हे शब्द मथळ्यापाशी, मराठीतच लिहिलेले असतील. त्याला हरकत घेऊ नका. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला ग्राहक संरक्षण कायदा २०१९नुसार पहिल्या वेळी १० लाखांपर्यंत दंड आहे. यंत्रमागाच्या साडीला ‘हातमागाची येवला पैठणी’ म्हणणारा मजकूर छापायला कोणतंही शहाणं मासिक तयार होणार नाही.

महिन्याला दहा हजार रुपये फेसबुक-इन्स्टाग्रामच्या जाहिरातींवर घालायचे आहेत. पोस्ट ‘बूस्ट’ करावी का?
— बाणेर

नको. बूस्ट म्हणजे पैसे देऊन पोस्ट जास्त लोकांना दाखवणं. त्याने पोस्टवर लाइक वाढतात, वाचक वाढतीलच असं नाही. पैसे न्यूजलेटरच्या नोंदणीवर लावा, आणि तेही हिशेब करून. समजा एका क्लिकला तीन रुपये पडले. दहा हजारांत सुमारे ३,३३३ जणी येतील. त्यातल्या दोन टक्के नाव नोंदवणार असतील तर ६६ नावं, म्हणजे एका नावाला दीडशे रुपये. आता मिळकत पाहा. यादी पाच हजारांची आणि प्रायोजक एका पत्राचे आठ हजार देत असेल तर एका नावामागे एका पत्राला १ रुपया ६० पैसे. वर्षाची ५२ पत्रं सगळी विकली गेली तरी ८३ रुपये. दीडशेला घेतलेलं नाव वर्षभरात पैसे फेडत नाही. नोंदणी पाच टक्क्यांवर गेली तर तेच नाव साठ रुपयांत येतं. म्हणून जाहिरात सुरू करण्याआधी नोंदणीचं पान सुधारा : ‘आमच्या न्यूजलेटरसाठी नोंदणी करा’ऐवजी ‘ब्लाउजच्या मापांचा छापता येईल असा तक्ता ईमेलवर मिळवा’, आणि चौकट एकच, ईमेलची.

मेटामध्ये (फेसबुक-इन्स्टाग्रामच्या कंपनीच्या जाहिरातींत) ‘लुकअलाइक’ गट करता येतो, म्हणजे तुमच्या वाचकांसारखे दुसरे लोक. त्यासाठी मूळ यादीत एकाच देशातले किमान १०० जण लागतात, पण शंभरात काम भागत नाही. हजारापासून पुढे गट नीट जुळतो. मूळ यादीत सगळे पाहुणे टाकू नका, पुन्हा पुन्हा क्लिक करणाऱ्याच टाका, आणि यादी चढवायची तर त्यासाठीची संमती नोंदणीच्या वेळीच घेतलेली असू द्या. साइटवर येऊन गेलेल्यांना पुन्हा जाहिरात दाखवताना १८० दिवसांपर्यंतची मुदत ठेवता येते. लग्नाच्या लेखांना ९० ठेवा, सणाच्या लेखांना २०. गणपती विसर्जनानंतर मोदक-नथीची जाहिरात दिसली की पैसे पाण्यात गेले म्हणून समजा. नवरात्राचे पैसे घटस्थापनेच्या आदल्या आठवड्यात घालू नका, तेव्हा मोठे ब्रँड जाहिरातीच्या जागेची बोली वाढवतात. पितृपक्षात नवी खरेदी टाळणारी घरं पुष्कळ असली तरी त्याच दिवसांत रंगांची यादी पाहून कपाटातल्या साड्या काढल्या जातात. नोंदणीची जाहिरात त्या पंधरवड्याच्या पहिल्या आठवड्यात चालवा.